लसीनंतर बाळ दगावलं, तर ‘योगायोग’ कशावरून ठरतो?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: गावातल्या अडीच महिन्यांच्या बाळाला मंगळवारी अंगणवाडीत लस दिली. रात्री अंग थोडं कोमट झालं. बुधवारी पहाटे आईनं पाजायला घेतलं तर बाळ थंड पडलेलं. शवविच्छेदन झालं, लसीचे नमुने नेले, आणि कित्येक महिन्यांनी तोंडी कळलं की ‘लसीशी संबंध नाही, योगायोग’. आदल्या दिवशी हसतं-खेळतं बाळ दुसऱ्या दिवशी योगायोगानं कसं जाईल, हे ठरवतं कोण, की प्रकरण मिटवायला असं लिहितात?

मिटवलं की नाही, हे तुमच्या प्रकरणाचे कागद पाहिल्याशिवाय कुणीही सांगू नये. पण ते कागद कसे तयार होतात आणि त्यात नेमकं काय पाहायचं, हे सांगता येतं. आणि ते समजलं की एक गोष्ट लक्षात येते: कारण ठरवणारी पुण्याची राज्य समिती बाळ पाहत नाही, फक्त फाइल पाहते. फाइलमध्ये काय असणार, हे बहुतेक पहिल्या दोन दिवसांत गावात आणि ग्रामीण रुग्णालयात ठरून गेलेलं असतं.

आधी नोंदीचं. लसीनंतर घडलेली कोणतीही अनिष्ट वैद्यकीय घटना, मग ती लसीमुळे असो वा नसो, ‘एईएफआय’ म्हणून नोंदवायची असते. नोंद म्हणजे कबुली नव्हे. मृत्यू, भरती करावं लागणं, अपंगत्व, एकाच सत्रातल्या अनेकांना त्रास, किंवा ज्यावरून लोकांत खळबळ माजली असं काहीही, हे सगळं ‘गंभीर’ वर्गात येतं. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं २४ तासांत पहिला फॉर्म जिल्ह्याला द्यायचा. जिल्ह्यानं, म्हणजे जिल्हा परिषदेतल्या माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांनी, ज्यांना सगळे ‘आरसीएच’ म्हणतात, ४८ तासांत तो राज्याला आणि केंद्राला कळवायचा. प्राथमिक तपासाचा फॉर्म १० दिवसांत, अंतिम ७० दिवसांत, आणि राज्य समितीनं कारण ठरवणं १०० दिवसांत. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी निकालाला तीन महिने लागू शकतात. प्रत्यक्षात व्हिसेराचा, म्हणजे विष शोधायला काढून ठेवलेल्या अवयवांचा, अहवाल यायला उशीर झाला की सगळं पुढं ढकललं जातं.

आता गावातलं. अडीच महिन्यांचं बाळ म्हणजे दहा आठवड्यांचे डोस: पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, दुसरा, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसची तोंडावाटे लस. सुई एकच, अर्धा मिली, डाव्या मांडीत. सरकारी पुरवठ्यातली पेंटाची व्हायल, म्हणजे कुपी, साधारण दहा डोसांची असते, आणि तपासाचा सगळ्यात मोठा पुरावा हाच. त्याच व्हायलमधून आणखी कोणाकोणाला दिली? टॅलीशीटवरून, म्हणजे सत्राच्या नोंदपत्रकावरून, ती नावं काढून त्या प्रत्येक घरी त्याच दिवशी जायचं असतं. ताप किती, रडणं किती वेळ, मांडीवर सूज, दूध ओढतं का. तर्क सरळ आहे. एकाच सत्रातली, एकाच व्हायलची तीन-चार मुलं आजारी असतील तर सत्रावर चूक झाली असण्याची शंका. वेगवेगळ्या केंद्रांवर एकाच बॅचची मुलं आजारी असतील तर बॅचमध्येच दोष असण्याची शंका. लस न घेतलेली मुलंही तशीच आजारी असतील तर गावात दुसरंच काही फिरतंय. आणि बाकीची सगळी ठणठणीत असतील तर व्हायलमध्ये जंतू शिरले किंवा भलतंच औषध गेलं, ही शक्यता फार कमी होते. एकाच बाळाला जीवघेणी ॲलर्जी येण्याची शक्यता मात्र यानं जात नाही. ती वेगळी तपासावी लागते.

पेंटाची उघडलेली व्हायल अटी पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. तापमान २ ते ८ अंशांत राहिलेलं असावं, लेबलवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता लागल्याचं दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असावा, व्हायलवर उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली असावी, मुदत संपलेली नसावी. म्हणून आधीच्या सत्रांत त्याच व्हायलमधून दिलेली मुलंही शोधावी लागतात. इथंच तपास अपुरा राहतो. त्या दिवशीची यादी मिळते, गेल्या मंगळवारच्या दुसऱ्या गावची यादी कोणी काढत नाही.

लस ‘गरम झाली’ म्हणून मूल दगावलं, असं आपल्याकडं उन्हाळ्यात हमखास बोललं जातं. ४५ अंशांत, लोडशेडिंगमध्ये आयएलआर, म्हणजे लसीचा फ्रीज, बंद पडला, हे खरंही असतं. पण उष्णतेनं लस विष होत नाही, ती निकामी होते. बर्फाला चिकटून पेंटा गोठली तर ती कमजोर पडते आणि मांडीत गाठ येऊ शकते. त्यानंही जीव जात नाही. सत्रातल्या चुकीनं जीव जातो तो मुख्यतः दोन गोष्टींनी: जंतू शिरल्यानं आणि भलतंच औषध भरल्यानं. पहिल्याची ठरलेली जागा म्हणजे पावडर पाण्यात कालवून द्यायच्या लसी, गोवर-रुबेला, बीसीजी, जपानी मेंदूज्वर. यांना जंतू मारणारं रसायन नसतं, म्हणून कालवल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताच टाकून द्यायच्या. तसं केलं नाही तर स्टॅफिलोकॉकस वाढतो, आणि लस दिल्यावर काही तासांतच उलट्या, जुलाब, भडका ताप आणि शॉक. २०१७ मध्ये दक्षिण सुदानात एकच सिरिंज वापरून, लस थंड न ठेवता गोवराची मोहीम केली आणि १५ मुलं गेली. दुसऱ्याचं उदाहरण सीरियातलं, २०१४ चं: कालवायच्या पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं ॲट्राक्युरियम वापरलं गेलं, तिथंही १५. सामोआत २०१८ मध्ये हेच होऊन दोन बाळं गेली. ‘भलतंच दिलं’ याचा नमुना तर आपल्या घरचाच आहे. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, पण बाटली सारखी दिसली की काय होतं ते कळलं. म्हणून तपासाला आलेल्या माणसानं आयएलआर उघडून पाहायचं: त्यात लसीशिवाय दुसरं काही ठेवलंय का? इन्शुलिन, ऑक्सिटोसिन, सर्पदंशावरचं औषध, काहीही. ठेवलं असेल तर त्याचा फोटो आधी, बाकी प्रश्न नंतर.

तापमानाच्या वहीबद्दल एक सांगतो. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘+४’ लिहिलेली वही मी पुरावा मानत नाही. चालू आयएलआरचं तापमान हलतंच. मे महिन्यात विदर्भातल्या उपकेंद्राच्या वाटेवरचं तर नक्कीच. ई-विनचा, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, लॉगर असेल तर त्याचा आलेख मागवा, तो वहीपेक्षा खरा.

व्हायल, वापरलेल्या सिरिंजा, त्याच बॅचच्या न उघडलेल्या व्हायल हे सगळं सील करून ठेवायचं. लस २ ते ८ अंशांतच, फ्रीजरमध्ये नाही. नमुने अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक घेतात. लस हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जाते, सिरिंज-सुया कोलकात्याला. पण गावात गोंधळ उडाला की होतं काय? सिस्टर घाबरते. सत्राचा कचरा आधीच हबकटरमधून, म्हणजे सुई कापायच्या यंत्रातून, पिशवीत गेलेला असतो, पिशवी खड्ड्यात. त्यात पहिल्याच दिवशी तिला निलंबित करण्याची घोषणा झाली, की पुढच्या गावची सिस्टर व्हायल दाखवण्यापेक्षा फेकून देणं पसंत करते. तपास सुरू होण्याआधी शिक्षा देणं यासाठी चूक आहे, सहानुभूतीसाठी नव्हे.

यानंतर आईचं सांगणं. ‘काल सुई देल्ली अन् पहाटे पोरगं गेलं’ या एका वाक्यावर तपास होत नाही. वेळा लागतात, आणि घड्याळाच्या वेळा कोणाला आठवत नाहीत. म्हणून गावातल्या खुणांनी विचारायचं: शेवटचं पाजलं तेव्हा शेवटची एसटी गेली होती का? रडत होतं तेव्हा लाइट होती का? नळ आला तेव्हा बाळ जागं होतं का? यातून लस, ताप, शेवटचं दूध, शेवटची हालचाल या चार वेळा उभ्या राहतात. मग झोपवलं कसं: पालथं की उताणं, पाळण्यात की मोठ्यांच्या मधे, गोधडी किती, अंथरुणावर कितीजण. आधीची प्रकृती: जन्माचं वजन, दूध ओढताना घाम येतो का, थांबून-थांबून ओढतं का, ओठ निळे पडायचे का. हे हृदयाच्या जन्मजात दोषाचे प्रश्न आहेत आणि ‘बाळ धडधाकट होतं’ या उत्तरामागं ते दडलेलं असू शकतं. घरात आधी एखादं मूल असंच गेलं का, आई-वडील नात्यातले आहेत का, हेही विचारावं लागतं. विचारताना जीवावर येतं, तरीही.

औषधांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अर्धवट विचारला जाणारा. ताप आला म्हणून काय दिलं? पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ७५. घरातली ५०० ची गोळी अर्धी करून पाजली तर तो तिपटीहून जास्त डोस झाला. मेडिकलवाल्यानं निमेसुलाइड दिलं का? ते १२ वर्षांखालील मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. कफ सिरप दिलं का? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाड्यातली मुलं किडन्या निकामी होऊन नागपुरात दगावली, ती सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं. बाटली, पट्टी, चमचा, जे असेल ते पिशवीत घाला आणि तपासाला द्या. मेळघाटात पोटावर डंब्याचे, म्हणजे तापवलेल्या लोखंडाचे, चटके आहेत का, भूमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडं, नेलं होतं का, हेही पाहावं लागतं. दोष द्यायला नाही. त्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो म्हणून.

आणि विदर्भात लसीशिवाय रातोरात बाळ नेणारी कारणं कमी नाहीत. जमिनीवर झोपणाऱ्या घरात मण्यार चावते, खूण दिसत नाही, दुखत नाही, पहाटेपर्यंत श्वास थांबतो. कापसाच्या पट्ट्यात फवारणीचं औषध घरातच, कधी पाण्याच्या बाटलीत. बाहुल्या टाचणीएवढ्या होत्या का, तोंडातून लाळ-फेस होता का, वास येत होता का, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरानं लिहायला हवं. पावसाळ्यात चांदीपुरा विषाणू. तो १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावात सापडला. वाळूमाशीतून येतो आणि ताप, उलटी, झटके येऊन एक-दोन दिवसांत मूल जाऊ शकतं. या मेंदूच्या तापाची लसीनंतरच्या झटक्यांशी सहज गल्लत होते. सिकलसेलही आपल्याकडं आहे, फक्त पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाच्या रक्तातलं गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेतं. म्हणून तुमच्या प्रकरणात ते मागं पडतं. दीड वर्षाच्या बूस्टरनंतरच्या मृत्यूत ते पुढं येतं.

शवविच्छेदन लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत. पोलिसांत मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, दाखल झाला की ते होतंच. ते करणारे डॉक्टर बहुतेक वेळा फॉरेन्सिकचे नसतात, आणि बरण्यांचा घोळ इथं होतो. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, तिथं फक्त विष शोधतात. ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी, वेगळी असते. त्यासाठी मेंदू, हृदय, फुप्फुसं, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि मांडीतली टोचल्याची जागा यांचे तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहा पट द्रावणात, वैद्यकीय महाविद्यालयाकडं पाठवायचे. मिठात गेलेला तुकडा यासाठी जवळजवळ निरुपयोगी. आणि जंतू वाढवून पाहायचे असतील तर रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी आधी, निर्जंतुक सुईनं, फॉर्मॅलिन न लावता घ्यायचं. यातलं एक जरी राहिलं तर महिन्यांनी अहवाल येतो, ‘विष आढळले नाही’. त्या वाक्यानं ना लस सुटते ना अडकते. न्यूमोनिया होता का, हृदयाला सूज होती का, घशात ॲलर्जीची सूज होती का, यातलं काहीच त्यात नसतं. घरच्यांनी शवविच्छेदनाला नकार दिला, तर ठरावीक प्रश्नावलीवर ‘मौखिक शवविच्छेदन’ करतात. ते उपयोगी आहे, पण दुय्यम.

आता समितीत काय होतं. जिल्हा समितीत बालरोगतज्ज्ञ, औषध निरीक्षक, पॅथॉलॉजिस्ट अशी मंडळी असतात. कारण ठरवणारी राज्य समिती, तिच्यावर राष्ट्रीय समिती. पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची, २०१३ पासूनची, नंतर सुधारलेली. पहिली अट निदान. मृत्यू हा परिणाम आहे, निदान नव्हे. ‘लसीनं मृत्यू’ असा प्रश्न समिती सोडवूच शकत नाही. ‘लसीनं ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), ज्यातून मृत्यू’ असा सोडवू शकते. निदान ठरलं की चार पायऱ्यांनी प्रश्न विचारतात. दुसऱ्या कारणाचा भक्कम पुरावा आहे का? या लसीनं किंवा लस देण्याच्या प्रक्रियेनं हे होतं असं ज्ञात आहे का, आणि झालं ते त्या मुदतीत झालं का? संबंध नसल्याचाच पुरावा आहे का? आणि बाकीचं: आधी असं झालं होतं का, लसीशिवाय हे किती वेळा घडतं, शरीरशास्त्राच्या दृष्टीनं पटतं का.

मुदत फार बोलते. ॲनाफिलॅक्सिस मिनिटांत, फार तर काही तासांत. म्हणून अर्धा तास बसवून ठेवतात आणि सिस्टरच्या किटमध्ये ॲड्रेनॅलिन असतं. पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या भागानं सतत रडणं, बाळ एकदम मलूल आणि निस्तेज पडणं, हे पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि मलूल पडलेली बाळं सावरतात. तापाचे झटकेही साधारण तेवढ्यात. गोवर-रुबेलानंतरचे झटके मात्र सहाव्या ते बाराव्या दिवशी, कारण त्यातला जिवंत विषाणू वाढायला तेवढा वेळ घेतो. दुसऱ्याच दिवशी ताप आला तर तो बहुधा गोवराच्या लसीचा नव्हे. रोटाव्हायरसनंतर आतड्यात आतडं शिरण्याचा अतिशय दुर्मीळ धोका पहिल्या आठवड्यात असतो: बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळतं, उलट्या, शीतून रक्त. तुमच्या गावच्या बाळालाही ती लस मिळाली असणार, म्हणून शवविच्छेदनात आतडी पाहिल्याचा उल्लेख आहे का ते बघा.

निकाल अक्षरांत येतो. ‘ए’ म्हणजे लसीकरणाशी संबंध आहे: ए-१ लसीच्या मूळ गुणधर्मानं, ए-२ उत्पादनातल्या दोषानं, ए-३ देण्यातल्या चुकीनं, ए-४ सुईच्या भीतीनं. ‘बी’ म्हणजे अनिश्चित: बी-१ वेळ जुळते पण लसीनं असं होतं याचा पुरेसा पुरावा अजून नाही, बी-२ पुरावे एकमेकांविरुद्ध. ‘सी’ म्हणजे दुसरं कारण, ज्याला बोलीत योगायोग म्हणतात. ‘डी’ म्हणजे माहितीच अपुरी. ‘डी’ बहुतेक वरच्या बरण्या-व्हायलच्या घोळातून जन्मतो. समिती ‘ए’ देतच नाही, असं म्हणणं मात्र चूक. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीनं कोविड लसीच्या ३१ गंभीर प्रकरणांचा निकाल जाहीर केला: १८ योगायोग, ७ अनिश्चित, ३ लसीच्या गुणधर्मामुळे, १ भीतीमुळे, २ वर्गीकरण अशक्य. त्या तिघांपैकी एकाचा मृत्यू झाला होता, ६८ वर्षांच्या गृहस्थांचा, ॲनाफिलॅक्सिसनं.

‘दुसऱ्याच दिवशी’ या शब्दाचं वजन किती, ते हिशेबानं पाहा. समजा जिल्ह्यात वर्षाला ३०,००० बाळं जन्मतात आणि एक महिना ते एक वर्ष या वयात हजारी ५ दगावतात. म्हणजे वर्षाला १५० मृत्यू, ३३५ दिवसांच्या वयात पसरलेले. त्या काळात बाळ चार वेळा लसीला येतं: ६, १०, १४ आठवडे आणि ९ महिने. लसीचा दिवस आणि पुढचे दोन धरले तर १२ दिवस. १५० गुणिले १२ भागिले ३३५, उत्तर पाचच्या थोडं वर. लसीऐवजी नुसतं पाणी टोचलं असतं तरी दरवर्षी पाचेक बाळं लसीनंतर दोन दिवसांत गेली असती. यात कमी-जास्त आहे. आजारी बाळाला आई त्या दिवशी आणत नाही, म्हणून आकडा थोडा उतरतो. मृत्यू कोवळ्या महिन्यांत जास्त असतात, म्हणून थोडा चढतो. कारण न सापडणारे झोपेतले मृत्यूही दोन ते चार महिन्यांच्या वयातच सर्वाधिक, म्हणजे नेमके पेंटाच्या डोसांच्या वेळी. अमेरिकेत १९९० च्या दशकात बाळांना उताणं झोपवायची मोहीम सुरू झाल्यावर, लसी चालूच असताना, हे मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. लस हे कारण असतं तर झोपवायची पद्धत बदलून ते उतरले नसते.

या हिशेबानं तुमच्या गावचं बाळ कशानं गेलं ते कळत नाही. कळतं एवढंच की नुसती वेळ जुळणं हा पुरावा नाही. उलट एकेक फाइल पाहून जे दिसत नाही ते हजारो नोंदी एकत्र केल्यावर दिसतं. अमेरिकेत पहिली रोटाव्हायरस लस १९९९ मध्ये बाजारातून काढली गेली ती अशाच नोंदींमधून आतड्याचा धोका दिसल्यावर. श्रीलंकेनं २००८ मध्ये मृत्यूंच्या नोंदींवरून पेंटा थांबवली, तपासाअंती २०१० मध्ये परत सुरू केली.

पद्धतीवर टीका आहे आणि ती सगळीच फेकून देण्यासारखी नाही. ‘दुसरं कारण आहे का’ हा प्रश्न सुरुवातीला येतो. तिथं कच्चं कारण लिहिलेलं असलं तर पुढचे प्रश्न नीट विचारलेच जात नाहीत. आपल्याकडं हे कच्चं कारण म्हणजे ‘श्वासनलिकेत दूध, गुदमरून मृत्यू’. मरताना किंवा मेल्यावर पोटातलं दूध घशात चढणं हे अगदी नेहमीचं आहे. नुसत्या डोळ्यांनी नळीत दूध दिसलं म्हणून बाळ त्यानंच गेलं, असं होत नाही. फुप्फुसाच्या आतल्या बारीक वायुकोशांत दूध आणि त्याभोवती दाह सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तर ते कारण पटतं.

म्हणून तुमच्या प्रकरणात ‘सी’ कशावर उभा आहे ते विचारा. हिस्टोपॅथॉलॉजीत न्यूमोनिया, मेंदूज्वर किंवा हृदयाचा दोष सापडला असेल तर निकाल भक्कम आहे, जीवाला पटला नाही तरी. फक्त ‘दूध आढळले’ असेल आणि फॉर्मॅलिनचे तुकडे पाठवलेच नसतील, तर माझ्या मते तो ‘सी’ नव्हे, ‘डी’ असायला हवा होता, आणि तसं लेखी म्हणता येतं. समितीचा निकाल कोर्टाचा नसतो. नवी माहिती आली की प्रकरण पुन्हा पाहता येतं.

त्यासाठी वडिलांच्या किंवा आईच्या सहीनं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं अर्ज करा. निकालाचं अक्षर आणि आकडा, त्यामागचं निदान, शवविच्छेदन आणि हिस्टोपॅथॉलॉजीचे अहवाल, त्याच व्हायलच्या बाकी मुलांची पाहणी झाली का, कसौलीला नमुने गेले होते का आणि काय आलं, एवढं मागा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तेच प्रश्न. सोबत लसीकरण कार्डाची प्रत, घरात दिलेल्या औषधांच्या पट्ट्या-बाटल्यांचे फोटो, आणि आईनं सांगितलेल्या चार वेळा एका कागदावर. औषधाबद्दलच शंका असेल तर केंद्राच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, तिथं कुटुंबालाही नोंद करता येते. आणि हिस्टोपॅथॉलॉजी झाली असेल तर तिचा क्रमांक लिहून घ्या. व्हिसेरा अहवालानंतर नष्ट होऊ शकतो, पण ऊतींचे मेणातले ब्लॉक महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात वर्षानुवर्षं टिकतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेता येतात.